मासे टाचलेला झगा

सवत हा शब्द आमच्या घरात शिवी म्हणून कधी वापरला गेला नाही, कारण आजीला खरोखरची सवत होती. आम्ही तिला थोरली आई म्हणायचो. मुंबई प्रांतात दुसऱ्या लग्नाला बंदी घालणारा कायदा आला १९४६ साली. आजोबांनी दुसरं लग्न केलं ते त्याच्या तीन वर्षं आधी. थोरलीला मूल नव्हतं म्हणून आजी आली, वयाने चौदा वर्षांनी लहान. पहिली दोन वर्षं दोघी एकमेकींशी बोलतच नव्हत्या, असं आई सांगते. मग बोलणं कशावरून सुरू झालं, हे तिलाही माहीत नाही. तिच्या जन्माआधीची गोष्ट, आणि विचारायचं कोणाला?

आम्ही पाहिल्या त्या दोघी वाकळ शिवणाऱ्या. माण तालुक्यातल्या त्या घराच्या सोप्यात जुनं लुगडं अंथरलेलं असायचं, वर चिंध्यांचे थर. एका कडेला ही, समोरच्या कडेला ती. कडेने धावदोरा घालत घालत दोघी मध्याकडे सरकत यायच्या. थोरलीचे टाके लांब, आजीचे तांदळाच्या दाण्याएवढे. त्या घरातली कुठलीही वाकळ उलटी करून बघा, एकीचं शिवण कुठे संपलं आणि दुसरीचं कुठे सुरू झालं ते आंधळ्यालाही बोटांनी कळेल.

हे सगळं आठवलं ते एका अफगाण कादंबरीमुळे. खालेद हुसैनी यांची ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’ २००७ साली आली. मी दोन वर्षांनी वाचली आणि रडले. ती वाचून बहुतेक सगळेच रडतात, त्यात माझं काही विशेष नाही. पण पहिल्या वाचनात मी रडले शेवटच्या मरणासाठी. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मरणापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी, एका बाळाच्या कपड्यांपाशीच थबकले. तेव्हापासून त्या पुस्तकाचं माझ्यापुरतं मध्य तिथे आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मरियम हेरातजवळच्या एका खेड्याबाहेर, मातीच्या झोपडीत आईबरोबर वाढलेली. बाप शहरातला श्रीमंत माणूस, सिनेमागृहाचा मालक, तीन बायकांचा नवरा. मरियमची आई त्याच्या घरातली मोलकरीण. आपल्यासाठी ‘हरामी’ हा शब्द मरियम पहिल्यांदा ऐकते ती पाच वर्षांची असताना, आईच्या चिनी मातीच्या संचातलं साखरेचं भांडं हातून फुटतं तेव्हा. पंधराव्या वाढदिवशी तिला बापाच्या सिनेमागृहात ‘पिनोकियो’ बघायचा असतो. बाप येत नाही. ती एकटीच शहरात चालत जाते, त्याच्या दारात रात्र काढते. परत येते तर आईने गळफास घेतलेला. पुढच्या काही दिवसांत तिला काबूलच्या एका चांभाराशी, रशीदशी, लग्न लावून साडेसहाशे किलोमीटर लांब पाठवून देतात. त्या लग्नात तिला सात वेळा दिवस जातात आणि सातही वेळा मूल राहत नाही. एकदा भात कच्चा राहिला म्हणून रशीद तिला खडे चावायला लावतो. तिच्या दोन दाढा तुटतात.

लैला त्याच गल्लीतली, मरियमहून एकोणीस वर्षांनी लहान. एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये कम्युनिस्टांचं बंड झालं, त्या रात्री जन्मलेली. वडील शिक्षक, मुलीला शिकवायचं वेड असलेले. दोन भाऊ रशियनांविरुद्ध लढताना गेले. रशियन गेल्यावर मुजाहिदीनांचे गट काबूलसाठी आपसात लढू लागले आणि डोंगरांवरून शहरावर रॉकेटं पडू लागली. घर सोडून जायची बांधाबांध चालली असताना लैलाच्या घरावर रॉकेट पडतं. आईवडील जागच्या जागी संपतात. ढिगाऱ्यातून तिला काढतो रशीद, शुश्रूषा करते मरियम. आणि मग साठीचा रशीद चौदा वर्षांच्या लैलाशी लग्न करतो. लैला हो म्हणते, कारण तिच्या पोटात आधीच तारिकचं मूल आहे. तारिक तिचा बालपणापासूनचा सखा. सुरुंगाने एक पाय गेलेला. आता देशाबाहेर, आणि तो मेल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचवलेली आहे.

इथून पुढे ती दोन सवतींची गोष्ट होते. हुसैनी इथे अजिबात घाई करत नाहीत, हे मला फार आवडतं. समदुःखी म्हणून दोघी पहिल्या दिवशी गळ्यात पडत नाहीत. मरियम स्वच्छ सांगते, मी तुझी मोलकरीण होणार नाही. घरातली कामं वाटून दिली जातात. महिनोन्महिने धुसफूस, टोमणे, स्वयंपाकघरात कडाक्याची भांडणं. एकाच छपराखाली, एकाच माणसाचा मार खाणाऱ्या दोघी एकमेकींनाच बोचकारतात. दुःख वाटल्याने माणसं जवळ येतात हे आपण सहज बोलून जातो. दुःख इतकं असेल की अंगाला अंग लागलं तरी ठणका बसेल, तेव्हा माणसं आधी लांबच सरकतात. आजी आणि थोरलीची न बोललेली दोन वर्षं मला इथे समजली.

मग अझीझा जन्मते. मुलगी म्हणून रशीद तिच्याकडे बघतही नाही. एका रात्री तो पट्टा घेऊन मरियमच्या खोलीत शिरतो आणि लैला त्याच्या हाताला लोंबकळते, मारू नका म्हणून. मरियमच्या आयुष्यात तिच्यासाठी कोणी मध्ये पडण्याची ही पहिलीच वेळ. त्यावर ती काय म्हणते? काहीही नाही. थोड्याच दिवसांत लैला सकाळी दार उघडते, तर उंबऱ्यापाशी बाळाचे कपडे घडी घालून ठेवलेले. छोटे छोटे मासे टाचलेला एक झगा. ठिपक्याठिपक्यांचा पिवळा पायजमा. हातमोजे.

मी थबकते ती इथे. सात वेळा पोट रिकामं झालेल्या बाईने बाळाचे कपडे सवतीच्या दाराशी ठेवले. कादंबरी त्यावर भाष्य करत नाही, आणि करायला हवं असं मला कुठल्याच वाचनात वाटलं नाही. त्यानंतर दोघी अंगणात चहा प्यायला बसू लागतात. हळूहळू रोजचा रिवाजच होतो, रात्री सगळं आवरलं की अंगणात चहाचे तीन तीन पेले. बाहेर गृहयुद्ध चाललेलं आहे, कुठला सरदार आज कुठल्या बाजूला गेला ते रशीद जेवताना सांगत असतो. आणि या दोघींचं सगळं जग त्या तिसऱ्या पेल्यापाशी येऊन थांबतं.

आईने मराठी अनुवाद वाचला तेव्हा पुस्तक परत देताना ती रशीदबद्दल बोलली नाही, शेवटच्या मरणाबद्दल नाही, तालिबानबद्दल तर नाहीच. म्हणाली, “मासे कसले टाचले असतील गं? जुन्या कापडाचे?” मला काय माहीत. मग म्हणाली, “थोरलीने माझी टोपडी शिवलेली. आजीला तेवढं बारीक यायचं नाही तेव्हा.” म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे टाके आजी नंतर शिकली. कोणाकडून, ते मी विचारलं नाही. थोरली स्वतःचे टाके लांब का घालू लागली, तेही नाही. डोळे गेले असतील.

या कादंबरीवर आक्षेप आहेत आणि त्यातले काही मला पटतात. रशीद फार काळा रंगवलाय. त्याचा पहिला मुलगा बुडून मेला होता एवढी एक फट सोडली तर त्याच्यात आत शिरायला जागा नाही. योगायोगही जरा सढळ हाताने वापरलेत. शिवाय लेखक पुरुष, आणि लहानपणीच देश सोडलेला. १९६५ साली काबूलमध्ये जन्म, वडील परराष्ट्र खात्यात, आई मुलींच्या शाळेत शिक्षिका. १९७६ मध्ये कुटुंब पॅरिसला गेलं आणि १९८० साली अमेरिकेच्या आश्रयाला. म्हणजे रॉकेटं पडत होती तेव्हा ते कॅलिफोर्नियात डॉक्टरकी शिकत होते. २००३ मध्ये ते परत काबूलला गेले, रस्त्यात बुरख्यातल्या बायका पाहिल्या, त्यांच्याशी बोलले आणि या कादंबरीचं बीज तिथे पडलं. अमेरिकन सैन्य तिकडे असताना अमेरिकेत लाखांनी खपलेली अफगाण बायकांची गोष्ट, हे वाक्य कोणी जरा तिरकस सुरात म्हटलं तर मी भांडणार नाही. पण झगा तिथे राहतोच.

आणि सवती प्रत्येक वेळी मैत्रिणी होतात, असंही नाही. नादिया हाशिमी यांची ‘द पर्ल दॅट ब्रोक इट्स शेल’ (२०१४) या बाबतीत जास्त निर्मम आहे. तिथली रहीमा लहानपणी मुलगा म्हणून वाढते. घरात मुलगा नसेल तर एखाद्या मुलीचे केस कापून, तिला मुलाचे कपडे घालून बाजारहाटाला पाठवायची रीत अफगाणिस्तानात आहे, तिला ‘बच्चा पोश’ म्हणतात. तेराव्या वर्षी तिला पुन्हा मुलगी करून एका लढाऊ सरदाराची चौथी बायको म्हणून देऊन टाकतात. तिथे चार बायकांमध्ये एक मायाळू, एक कडू जहर, आणि थोरली चक्क संसदेत निवडून आलेली, पण मत देताना नवरा सांगेल तसं. एवढ्या गर्दीत रहीमाला टिकवून धरते ती तिची कुबड आलेली मावशी, खाला शैमा. ती येते, गोष्टीचा पुढचा तुकडा सांगते आणि जाते. वाङ्मयीन कसब हुसैनींचं जास्त, पण बायकांच्या घरातलं राजकारण हाशिमींना जास्त कळतं असं माझं मत आहे. असो.

जात्यावरच्या ओव्यांत सवतीबद्दल बरं बोलणारी ओवी मला तरी शोधावी लागते. पश्तून बायकांची ‘लंडै’ नावाची दोन ओळींची गाणी आहेत, पहिल्या ओळीत नऊ अक्षरं, दुसरीत तेरा. कोणी रचली ते कोणाला माहीत नसतं, आणि तीच त्यांची ढाल. नवऱ्याच्या म्हातारपणावर, भ्याडपणावर, प्रियकरावर, युद्धावर, सगळ्यावर त्यांत बोललेलं आहे. ‘लंडै’ म्हणजे आखूड, विषारी साप. आपल्या बायकांनी दळताना जे केलं ते त्यांनी पाणी भरताना आणि लग्नात डफ वाजवताना केलं. हुसैनींची मरियम आणि लैला दोघीही ताजिक, फारसीतून बोलणाऱ्या, त्यामुळे लंडै त्यांच्या तोंडी नाही. त्यांच्या वाट्याला आली ती साइब तब्रीझी या सतराव्या शतकातल्या कवीची काबूलवरची कविता. लैलाचे वडील शहर सोडायच्या तयारीत असताना तिच्या दोन ओळी म्हणतात. काबूलच्या भिंतींमागे लपलेले हजार सूर्य त्यांतले. पुस्तकाचं नाव तिथून आलं. मग रॉकेट येतं.

कादंबरी मिटल्यावर जे वाचलं त्याने तो मासे टाचलेला झगा माझ्या डोक्यात आणखी घट्ट बसला. तालिबानने हेरात घेतलं सप्टेंबर १९९५ मध्ये, काबूलच्या वर्षभर आधी. मुलींच्या शाळा बंद झाल्या. बायकांना शिवण शिकायची मात्र मुभा होती. तेव्हा हेरातमध्ये शिवणवर्ग सुरू झाला, त्याचं नाव ‘सोनेरी सुई’. आठवड्यातून तीनदा बुरख्यातल्या बायका पिशव्या घेऊन तिथे यायच्या. पिशवीत वर कापड, कात्री, दोरा. खाली वही आणि पेन. आत शिवण कोणी करत नव्हतं. विद्यापीठातले प्राध्यापक मुहम्मद अली रहयाब त्यांना साहित्य शिकवायचे. बाहेर अंगणात मुलं खेळत असायची, आणि कोणी धार्मिक पोलीस दिसला की आत वर्दी द्यायची. मग पुस्तकं कापडाखाली आणि सुया वर. सापडल्या असत्या तर काय झालं असतं, हे त्या सगळ्यांना माहीत होतं.

त्या वर्गात नादिया अंजुमन नावाची एक मुलगी होती, १९८० साली जन्मलेली. तालिबान गेल्यावर ती हेरात विद्यापीठात शिकली. २००५ मध्ये तिचा ‘गुल-ए-दूदी’, म्हणजे धुराचं फूल, हा कवितासंग्रह आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवऱ्याच्या मारहाणीनंतर ती मेली. हात उचलल्याचं त्याने कबूल केलं, जीव घेतल्याचं नाही. ती चोवीस वर्षांची होती आणि मुलगा काही महिन्यांचा. तालिबान सत्तेत नव्हते, शाळा उघडलेल्या होत्या, निवडणुका होत होत्या. काबूलमधून राजवट जाते, घरातून जात नाही, हे हुसैनींनी दोन वर्षांनी रशीदमध्ये लिहिलं. तिच्याबद्दल वाचल्यावर रशीद फार काळा रंगवलाय या माझ्याच आक्षेपाची मला जराशी लाज वाटली. जराशीच. कादंबरीतलं माणूस आणि बातमीतलं माणूस यांना वेगळे नियम असतात, यावर मी अजून ठाम आहे.

लैलाची सुटका मरियम करते, फावड्याने. तारिक जिवंत परत आल्याचं कळल्यावर रशीद लैलाचा गळा दाबतो आणि मरियम अंगणातल्या अवजारांच्या खोपटातून फावडं आणते. हा प्रसंग लोकांना ‘सूड’ म्हणून आठवतो. मला त्यानंतरची रात्र आठवते. लैला म्हणते, आपण सगळे मिळून जाऊ, डोंगरातल्या एखाद्या गावात राहू. मरियम तिला शांतपणे समजावते की असं होणार नाही. कोणी तरी मागे राहिलं पाहिजे, नाहीतर तालिबान मुलांच्या मागे येतील. आणि ती राहते. गाझी स्टेडियममध्ये, हजारोंच्या समोर तिला मारलं जातं. काबूलच्या त्याच स्टेडियममध्ये नोव्हेंबर १९९९ मध्ये सात मुलांच्या आईला नवऱ्याच्या खुनाबद्दल सगळ्यांदेखत गोळी घातली होती आणि ‘रावा’ या अफगाण बायकांच्या संघटनेने त्याचं लपून चित्रण केलं होतं. बुरख्यात लपवलेल्या कॅमेऱ्याने. पुन्हा कापडाखाली काहीतरी.

शेवटच्या वीस पावलांत मरियमला वाटतं की आपण जगात नको असलेल्या म्हणून आलो आणि जाताना कोणाची तरी मैत्रीण, कोणाची तरी आई म्हणून जातोय. पहिल्यांदा मी रडले ती इथे. आता वाचताना इथे मी जरा पटकन पानं उलटते.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये परत शिरले, तेव्हा मी कादंबरी तिसऱ्यांदा काढली. फक्त शेवट वाचला. शेवटी लैला पाकिस्तानात, मरीच्या थंड हवेत, तारिक आणि दोन मुलांबरोबर सुखात आहे. हॉटेलात काम, डोक्यावर छप्पर, कोणी मारत नाही. आणि तिला काबूलला परत जायचं असतं. जाताना वाट वाकडी करून ती हेरातजवळच्या त्या मातीच्या झोपडीत जाते, जिथे मरियम लहान होती. बापाने उशिरा पाठवलेली आणि कधीच न पोचलेली पेटी तिच्या हाती पडते, आत ‘पिनोकियो’ची कॅसेट. मग काबूल. अनाथाश्रमाची डागडुजी, तिथे शिकवणं. पुस्तक संपतं २००३ च्या वसंतात, लैलाला दिवस गेलेले. मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं, हे तिचं कधीच ठरलेलं आहे.

मी हिशेब करत बसले. ऑगस्ट २०२१ मध्ये लैला त्रेचाळीस वर्षांची, अझीझा अठ्ठावीसची. पोटातली मुलगी २००३ च्या अखेरीला जन्मली असं धरलं तर सतराची. मार्च २०२२ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार म्हणून पोरी दप्तरं घेऊन गेल्या आणि दारातून परत पाठवल्या गेल्या, तेव्हा ती अठराची. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद झाली, तेव्हा एकोणीसची.

त्या वर्षी अठरा अफगाण लेखिकांच्या कथांचं एक पुस्तक इंग्रजीत आलं होतं, आणि २०२४ मध्ये ‘माय डियर काबूल’ आलं. त्यात कथा नाहीत. एकवीस लेखिकांचा व्हॉट्सअॅपवरचा एक ग्रुप, काबूल पडलं त्या दिवसांपासून वर्षभरात त्यांनी एकमेकींना पाठवलेले निरोप. कोणी देशात राहिलेली, कोणी सीमेवर, कोणी परक्या देशातल्या छावणीत. त्यांचं बोलणं आता वहीतही नाही, कापडाखालीही नाही. फोनमध्ये. फोन पुसता येतो, हा त्यातल्या त्यात फायदा.

हा सगळा हिशेब मी आईला सांगितला. ती तांदूळ निवडत होती. तिने पुस्तक वाचून दहा-बारा वर्षं झाली असतील, पण सगळं तिच्या लक्षात होतं, अझीझाचं नावसुद्धा. माझं ऐकून घेतलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, “लैला परत गेली असेल का गं तिकडे, मरीला? पोरींना घेऊन?”

मी म्हटलं, गेली असेल. जाऊ शकली असती तर.

“नाही जायची,” आई म्हणाली. “त्या पोरीचं नाव मरियम आहे ना?” आणि सूप पुढे ओढलं.